पाठीमागचा आवाज

वेत कोरडा वाकवला की तडकतो. म्हणून सकाळी दुकानाचं दार उघडलं की धाकटीचं पहिलं काम ठरलेलं. वेताच्या पट्ट्यांची भेंडोळी पाण्याच्या टबात बुडवायची, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि आदल्या दिवशी अर्धवट राहिलेली खुर्ची पुढ्यात ओढून खिडकीकडे तोंड करून बसायचं. उजेड खिडकीतून येई, म्हणून तोंड तिकडे. दार, गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकांशी बोलणारी ताई, सगळं पाठीमागे.

दुकान वडिलांचं. वरच्या मजल्यावर बिऱ्हाड: ताई, भाऊजी आणि ती. भाऊजींची नोकरी फिरतीची, महिन्यातले थोडेच दिवस ते घरी. उरलेले दिवस दोघी बहिणीच.

नवव्या वर्षी तापात धाकटीचे कान गेले आणि ताई तिचे कान झाली. ओठ वाचायला तिला ताईनंच शिकवलं. दोघी आरशासमोर बसत. ताई एकेक शब्द सावकाश म्हणे आणि धाकटी तो तिच्या ओठांवरून उचलून परत देई. बोलणं तिचं शाबूत होतं. पण ती वयात आली तेव्हा ताईनं एकदा जवळ बसवून सांगितलं, "बाहेर नको बोलत जाऊस गं. आवाज फार चिरका येतो तुझा. लोक हसतात." त्या दिवसापासून घराबाहेर तोंडाला कुलूप. गिऱ्हाइकाला काही सांगायचं झालं तर पाटी आणि खडू.

व्हिडिओंची कल्पनाही ताईचीच. धाकटीची बोटं जाळी विणत असताना ताई फोन धरायची, तुकडा कापायची आणि त्याला त्या आठवड्यात गाजत असलेला एखादा आवाज लावायची.

"ट्रेंडिंग आवाज लावला ना, की व्हिडिओ आपल्या पायानं चालत लोकांपर्यंत जातो," ती म्हणे.

"बहिरीच्या व्हिडिओला गाणं म्हणजे टकल्याला कंगवा," धाकटी म्हणे, आणि ताई पोट धरून हसे. मग ताई त्या गाण्याचा ताल धाकटीच्या खांद्यावर बोटांनी वाजवून दाखवी आणि धाकटी बरोबर त्या ठेक्यावर पट्टी ओढी. बघणाऱ्याला वाटे, ही ऐकून करतेय.

एका दुपारी ताई वर गेलेली असताना धाकटी फोन घेऊन बसली. आरामखुर्चीच्या नव्या व्हिडिओखाली आवाजाचं नाव होतं. त्याच्यावर बोट ठेवलं की तोच आवाज वापरून इतरांनी केलेले सगळे व्हिडिओ एकाखाली एक दिसत. ताईनं आवाज लावताना सांगितलं होतं, नुसती बासरी आहे. एक बाई केकवर क्रीमची फुलं काढत होती. काढता काढता तिनं मान वर केली आणि तिचे ओठ हलले.

*बोला तुम्ही. तिला ऐकू येत नाही.*

धाकटीला हसू आलं. बासरी म्हणे! कुठल्यातरी नाटकातलं वाक्य असणार, ताईनं भलतंच काही लावलं. तिनं बोट वर सरकवलं. पुढे एक म्हातारा झाडांना पाणी घालत होता. *बोला तुम्ही. तिला ऐकू येत नाही.* त्याच्यापुढे एक पोस्टमन सायकलला टेकून उभा होता. तो कुठल्या देशातला होता कोण जाणे. अंगावरचा गणवेश अनोळखी, मागच्या पाट्यांवरची अक्षरंही अनोळखी. ओठांवरचं बोलणं मात्र तिच्या घरातलं होतं.

*ती काय, खिडकीपाशी पाठमोरी बसलीय. बोला तुम्ही.*

धाकटीनं फोन पालथा ठेवला. समोर खिडकी होती. तिनं खुर्ची फिरवली आणि त्या दिवशी उरलेलं काम दाराकडे तोंड करून केलं. उजेड पाठीमागून येत होता आणि हातावर तिचीच सावली पडत होती. जाळीतली एक ओळ चुकली, ती उसवावी लागली.

ती काही भ्याड नव्हती. ओठ वाचणाऱ्याची फसगत होतेच. 'पाय' आणि 'बाय' ओठांवर सारखेच दिसतात हे तिला आरशानं शिकवलं होतं. मनाचे खेळ असतील तर तपासून बघावेत, म्हणून दुसऱ्या दिवशी ती फोन घेऊन शेजारच्या चष्मेवाल्याकडे गेली. भला माणूस. पाटी घरीच राहिल्याचं तिच्या लक्षात आलं ते त्याच्यासमोर उभं राहिल्यावर. क्षणभर घुटमळून ती म्हणाली, "एक मदत कराल?"

चष्मेवाला हातातली काच पुसायची थांबला. "अहो, बोलता तुम्ही! किती स्पष्ट बोलता!"

"चिरका नाही वाटत?"

"चिरका? छे हो. मऊ आवाज आहे की."

ते तिनं मनात कुठेतरी बाजूला ठेवलं. आधी तिनं दुसराच एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस काय म्हणतो ते ओठांवरून वाचून दाखवलं. चष्मेवाल्यानं मान डोलावली, शब्दन्‌शब्द बरोबर. मग तिनं केकवाली लावली.

"हिचं सांगा."

त्यानं फोन कानाशी नेला, मग डोळ्यांसमोर धरला. "बासरी वाजतेय."

"ती काय बोलते?"

"बोलत नाही. नुसती हसतेय."

"ओठ हलतायत तिचे."

चष्मेवाल्यानं पुन्हा पाहिलं. मग फोनकडे न बघता धाकटीकडे पाहिलं आणि जरा सांभाळून म्हणाला, "तोंड मिटलेलं आहे हो तिचं. थकलात का तुम्ही? या, बसा थोडं."

ती बसली नाही.

त्या आठवड्यात ताईनं नव्या व्हिडिओला नवा आवाज लावला. "हे फार चाललंय सध्या. दोघादोघांनी मिळून करतात लोक." ताल तिनं नेहमीसारखा खांद्यावर वाजवून दाखवला. ताई वर गेल्यावर धाकटीनं त्या आवाजाची यादी उघडली. पडद्याचे दोन भाग. डावीकडे एक तरुण, उजवीकडे एक तरुणी, बहुधा नवराबायको, दोघांच्या हातात रंगाचे ब्रश.

*मी तिला मागणी घालायला आलोय,* तरुणाचे ओठ म्हणाले.

*विचारलं मी तिला. नाही म्हणाली.*

*तिनं स्वतः सांगितलं असतं तर...*

*ती ओशाळेल. तुमचं येणंही तिला आवडत नाही. पुन्हा येऊ नका, एवढी मेहरबानी करा.*

'एवढी मेहरबानी करा' हे बोलणं साऱ्या गल्लीत एकाच बाईचं होतं. भाजीवाल्यापासून भाऊजींपर्यंत सगळ्यांना ती हेच म्हणे.

आणि मागणी घालणारा कोण, हेही धाकटीला सांगावं लागलं नाही. पूर्वी एक वेतवाला यायचा. मोळ्या टाकून झाल्या की मुद्दाम वळसा घालून खिडकीच्या बाजूला येऊन उभा राहायचा, तोंडावर उजेड घेऊन, म्हणजे हिला ओठ दिसावेत. कुणी शिकवलं नव्हतं त्याला. एक दिवस तो यायचा बंद झाला. ताई म्हणाली होती, "दुसरीकडे धंदा धरला त्यानं. जाताना साधं सांगून जायचीही रीत नाही लोकांना." धाकटीनं ते मुकाट गिळलं होतं आणि पुढे कित्येक वर्षं नव्या वेताचा वास आला की ती नाक मुरडायची.

वेतवाल्याचं गोदाम नदीपलीकडे अजून होतं. तो वजनकाट्यापाशी उभा होता; केस पांढरे, पोट सुटलेलं. तिला बघून त्यानं हातातलं काम खाली ठेवलं आणि न सांगता दोन पावलं सरकून उजेडात आला.

"तुम्ही यायचे का थांबलात?" तिनं विचारलं.

तो सावकाश, तिला दिसेल असं बोलला. "तुम्ही नाही म्हणालात ना."

"कुणाला म्हणाले?"

"ताईंना. त्यांनीच सांगितलं मला, तुमच्या दुकानात. म्हणाल्या, ती ओशाळेल, पुन्हा येऊ नका, एवढी मेहरबानी करा."

"मी कुठे होते तेव्हा?"

"तिथेच. खिडकीपाशी. हाकेच्या अंतरावर." त्यानं मान खाली घातली, मग आठवण झाल्यासारखी पुन्हा वर केली. "मी दारात थांबलो होतो जरा वेळ. वाटलं, वळाल. नाही वळलात, तेव्हा खरं मानलं."

"मला ऐकू येत नाही."

"माहीत होतं की. तरी वाटलं."

आतून कुणीतरी त्याला हाक मारली असावी. तो अर्धवट वळून म्हणाला, "आलो गं." ते तिला दिसलं. ती निघाली.

घरी ताई स्वयंपाकघरात ताटं पुसत होती. धाकटीनं सरळ विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचा तिचा स्वभाव नव्हता.

ताईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मग तिनं पाठ फिरवली. पाठीचे स्नायू हलत होते, खांदे वरखाली होत होते. ती बोलत होती. भिंतीकडे तोंड करून काहीतरी सांगत होती, बराच वेळ.

त्या पाठीकडे बघताना धाकटीला कळलं की ताई हे पहिल्यांदा करत नव्हती. लहानपणापासून किती वेळा ही पाठ तिच्यासमोर अशी हलली होती! काहीतरी काम करतेय, असंच तिला दर वेळी वाटलं होतं.

तिनं ताईचे खांदे धरून तिला फिरवलं. "माझ्याकडे बघून बोल."

ताईचे डोळे वाहत होते. "तू गेली असतीस तर मी इथं एकटीनं काय केलं असतं? हे कायम बाहेर. दुकान तुझ्या हातांवर. मला भीती वाटली गं. चुकले मी."

"आणि माझा आवाज? चिरका आहे म्हणालीस."

"तू कुणाशी बोलायला लागलीस तर..." ताईनं वाक्य पुरं केलं नाही. "चुकले. फार चुकले. पण याउपर काही नाही. आईची शपथ, तुझ्यापासून दुसरं काही लपवलेलं नाही मी."

धाकटी खाली बसली. ताईही तिच्याजवळ जमिनीवर बसली. काठी मारली म्हणून पाणी तुटत नाही म्हणतात. ज्या ओठांनी शब्द दिले, ते थरथरताना बघवत नाहीत. धाकटीला इतकं रडू आलं की शेवटी ताईलाच तिला थोपटावं लागलं.

"कुणी सांगितलं तुला?" थोड्या वेळानं ताईनं विचारलं.

धाकटीनं फोन पुढे केला. ताईनं ती दोघांची चित्रफीत लावली, कानाशी धरली, पुन्हा लावली.

"गाणं आहे नुसतं," ती म्हणाली. फोन तिनं परत दिला, तेव्हा तिची बोटं गार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसली. माफ केलं असेल तर पूर्ण करावं, पाठ राखत बसू नये, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. फोन तिनं समोर खिडकीच्या चौकटीला टेकवून ठेवला होता. आज व्हिडिओ एकटीनंच घ्यायचा होता. पण पडद्यावर आपोआप काहीतरी सुरू झालं. पांढऱ्या कोटातली एक बाई, मागे काचेच्या बरण्यांची फडताळं. औषधांचं दुकान असावं. कोपऱ्यात ट्रेंडिंगची खूण.

*हो, पटलं तिला. रडलीसुद्धा.*

धाकटीच्या हातातली पट्टी सैल झाली.

बाईनं मान किंचित कलती केली. पलीकडून कुणी काही विचारत असावं, तशी.

*नाही, तेवढंच कळलंय. ते दुसरं तिला कळता कामा नये. तुम्ही फिरतीवरून परत येईपर्यंत मी सांभाळते. कळलं तर ती...*

तुकडा संपला. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

*हो, पटलं तिला. रडलीसुद्धा.*

तिनं बोट सरकवलं. एक शिंपी. *कळलं तर ती...* एक आजीबाई, मांडीवर मांजर. *कळलं तर ती...* एक जाड भुवयांचा ट्रकवाला. सगळे त्याच जागी थांबत होते. पुढचं कुणाच्याच ओठांवर नव्हतं.

ती बोट उलट सरकवत पांढऱ्या कोटातल्या बाईपाशी परत आली.

टबातलं पाणी हललं. बारीक वलयं कडेपर्यंत गेली आणि पायाखालच्या फळीतून पावलांचा ठोका आला. दारात कुणीतरी उभं होतं.

धाकटी वळली नाही.

*हो, पटलं...*

पडद्यावरच्या बाईनं बोलणं अर्ध्यात सोडलं. ओठ मिटले. धाकटीच्या खांद्यावरून मागे, दाराकडे तिनं नजर नेली आणि ओळखीचं हसली.