परभय

‘परभय’ हा शब्द कोशात गेला, तर डॉ. मृदुला केळुसकरांच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या : शब्दाचं श्रेय, आणि वसाहतींतल्या कपाळाकपाळावर त्यांनी बनवलेला, भीती टिपणारा पट्टा. दोन्ही पडल्या.

समुद्रानं किनारे गिळले होते. माणसं डोंगरांवर दाटीनं राहत होती. अनोळखी चेहरा दिसला की, मन सावरून हसू आणायच्या आत, मेंदूतली बदामाएवढी गाठ भीतीनं चेतते. पट्टा ते पकडून लाल होई. बाईंच्या लेखी परभय म्हणजे घाबरणाऱ्याचा आजार. औषध त्यालाच द्यायचं. वसाहतींच्या नियमात मात्र एवढंच छापलं गेलं : ‘परभय आढळल्यास त्याचे कारण दूर करावे.’

बाई राहत त्या चढणवाडी वसाहतीचे सचिव तळवडेकर यांना कारण लगेच सापडलं. बुडालेल्या सुंदरबनातून आलेल्या शेफाली मंडलला बघून शेजाऱ्यांचे पट्टे लाल होत. तिनं खोली सोडावी, असा हुकूम निघाला. बाई तिला घेऊन कचेरीत आल्या आणि शब्दाचा अर्थ परोपरीनं समजावू लागल्या.

तळवडेकरांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. “बाई, गावात वाघाचं भय झालं, तर हलवायचं कुणाला? वाघाला की गावाला?”

कचेरी हसली. शेफालीला पट्टा मिळालेला नव्हता; तिनं टेबलावरचा उचलून स्वतःच्या कपाळाला लावला. तो भडक लाल झाला.

“मलाही तुमचं भय आहे, दादा. मग वाघ कोण?”

“तू बाहेरची. तुझं भय धरत नाहीत.”

“मग माझं धरा,” म्हणत, स्वतः कधीच पट्टा न लावलेल्या बाईंनी तिच्याकडून तो घेतला आणि तिच्यासमोर ताठ उभ्या राहिल्या. आपल्या कपाळी तो थंडच राहणार, याची त्यांना खात्री होती.

तो लाल झाला.

तळवडेकरांनी भुवया उंचावल्या. बाईंनी पट्टा काढला नाही.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “परभय आढळलं. कारण, जिचा पट्टा लाल झाला ती. मला दूर करा.”

ही ब्याद टळतेय म्हणून तळवडेकरांनी खुशीत लिहिलं, शिक्का मारला. शिक्का बसला तसा अर्थही बसला, आणि मग ‘ज्याचा पट्टा लाल त्यानं जायचं’ हे सगळ्यांनाच लागू झालं. बाईंमागोमाग शेजारी गेले. बिऱ्हाड पाठीवर घेऊन तळवडेकरही गेले. खालच्या वसाहतीत त्यांना बघून तिथले पट्टे लाल होऊ लागले, तिथलीही माणसं उठली.

शेफालीचाही पट्टा लाल झाला होता, म्हणून तिच्या नावाचा नवा हुकूम तळवडेकरांनी जाताजाता, सगळ्यांत शेवटी काढला होता. तो बजावायला चढणवाडीत कुणी उरलं नव्हतं.