मंडळींसह यावं

आनंदाची सायकल मुसाकाजीच्या बंदरात आगबोटीतून उतरली, तेव्हा ती बघायला अर्धा गाव पडावात बसून गेला होता. ही एकोणीसशे एकतीस सालची गोष्ट. मुंबईत गिरणीत सहा वर्षं काढून आनंदा कायमचा घरी आला तो बायकोसाठी एक लुगडं, देवळासाठी झांजांचा जोड आणि ही जुनी, हिरव्या रंगाची सायकल घेऊन. राजापूरच्या खाली अर्जुना नदीला खाडीचं खारं पाणी भेटतं, तिथल्या काठावर आंबेखोल हे त्याचं गाव. तिथून खाडीच्या मुखावरच्या नाट्यापर्यंत दुसरी सायकल नव्हती. तिची घंटी वाजली की गुरं कुंपणात शिरत आणि म्हातारी माणसं घराबाहेर येत.

आनंदाला दोनच गोष्टींचं वेड. एक सायकलचं, आणि त्याच्या कितीतरी आधीपासूनचं कीर्तनाचं. बुवा उभे राहिले, मृदंगावर थाप पडली, मागून झांज वाजली की या माणसाचे डोळे आपोआप भरून येत. आंबेखोलच्या राममंदिरात नवमीचं कीर्तन त्याच्या आज्याच्या आज्यापासून चालू होतं. पण गावातले बापये सगळे मुंबईला. गेल्या वर्षी तो नवमीला सुट्टीवर आला, तेव्हा सभामंडपात अकरा डोकी होती, त्यातली तीन झोपलेली. पुरुषोत्तमबुवा आरतीनंतर पागोटं उतरवून म्हणाले होते, "देवाला ऐकू जातं, हे खरं. पण समोर माणूस लागतो हो. पुढच्या खेपेला असंच असलं, तर मी येणार नाही. तुम्ही नुसता पाळणा हलवा आणि सुंठवडा वाटा."

हे वाक्य आनंदाच्या मनात वर्षभर रुतून बसलं होतं. म्हणून यंदा अक्षत फिरवायचं काम त्याने मागून घेतलं. पायी फिरणारा माणूस चार वाड्या करतो. सायकल सगळं खोरं करील.

अष्टमीच्या सकाळी गुरवाच्या यमुनाबाईंनी हळदीकुंकवाच्या अक्षतांची पिशवी त्याच्या हातात दिली. सत्तरीच्या बाई, देवळाची झाडलोट आणि चालीरीती दोन्ही त्यांच्याच हातात.

"घरी गेलास की चिमूटभर अक्षत द्यायची आणि म्हणायचं, मंडळींसह यावं. समजलं?"

"हे काय सांगायला हवं, आते?"

"पुढचं ऐक. वाटेवर तीन जुन्या जागा. वडाखालची वीरगळ, पिराची घुमटी आणि नाट्याला गडाचा दरवाजा. तिथे अक्षत ठेवायची, 'कार्य आहे' एवढंच म्हणायचं आणि वळायचं. तिथे मंडळींसह म्हणायचं नाही."

"का हो?"

"आपल्याला ठाऊक हाय का, तिथे मंडळी किती?" बाई पिशवीची गाठ मारत म्हणाल्या. "आणि ज्याच्याकडे आपली अक्षत गेली, त्याची उलट अक्षत आपल्याला येते. आली की जावंच लागतं. नाय म्हणायची चाल नाय."

मागच्या कॅरिअरवर दादू बसला. दादू म्हणजे आनंदाचा लहानपणापासूनचा सोबती, देवळातला मृदंग वाजवणारा, अंगाने मृदंगासारखाच मध्ये फुगलेला.

"चढावर उतरशील ना?" आनंदाने विचारलं.

"उतरेन. पण उताराला मी नसलो तर तू वाऱ्याने उडशील. तुझ्या सायकलला वजन माझंच."

काय सकाळ होती ती. सड्याच्या कातळमाळावर जांभ्याची तांबडी धूळ अजून दवाने बसलेली. काजूच्या बोंडांचा आंबूस वास, मध्येच सुरंगीचा. उजव्या हाताला झाडी, डाव्या हाताला खाली अर्जुनेचं पाणी, भरतीने फुगून उलटं वर चढणारं. आनंदा पायडल मारता मारता नामाचा गजर करी आणि मागे दादू कॅरिअरच्या पत्र्यावर ठेका धरी. वाडी आली की घंटी. सायकलला हात लावायच्या अटीवर पोरं घराघरातून माणसं बोलावून आणत.

"मंडळींसह यावं, काकी."

"मंडळी मुंबईला हायत बाबा. मी आणि म्हैस."

"मग म्हशीला घेऊन या."

दादू हसून खाली पडायचा राहिला. पण वाडीमागून वाडी तेच उत्तर येऊ लागलं, तसं आनंदाचं हसू थोडं उतरलं.

वडाखालच्या वीरगळीवर घोड्यावरचा एक झिजलेला वीर होता, त्याच्या पायाशी आनंदाने अक्षत ठेवली. "कार्य आहे," म्हणाला आणि वळला. पिराच्या घुमटीत चादरीवर वाळलेली फुलं होती. तिथेही तेवढंच. यमुनाबाईंचा शब्द त्याने दोनदा पाळला.

दुपारी नाट्याला पोचले. कोळणींनी वाळत घातलेल्या मासळीच्या वासातून वर चढले, तेव्हा यशवंतगडाचा तट समोर आला. जांभ्याचे काळवंडलेले चिरे, खंदकात पाचोळा, बुरुजावर वडाच्या पारंब्या. खाली खाडी समुद्राला मिळत होती आणि त्या पाण्यावरचा उजेड डोळ्यांना सोसवत नव्हता. दादू खंदकाच्या कडेला सावलीत टेकला. आनंदा एकटाच दरवाज्यात गेला.

आत गारवा होता. उन्हातून एकदम विहिरीत उतरल्यासारखा. उंबरठ्याच्या चिऱ्यावर त्याने अक्षत ठेवली. त्याला वाटलं, केवढी माणसं राहिली असतील इथे. पहारे करत, भाकऱ्या खात, घरची आठवण काढत. त्यांच्या कानावर कधी कीर्तन पडलं असेल का? आणि उद्याचा रिकामा सभामंडप डोळ्यांपुढे आला. सकाळपासून साठ घरी म्हटलेलं वाक्य जिभेवर होतंच. ते आलं, आणि मनापासून आलं.

"उद्या सकाळी कीर्तन आहे. मंडळींसह यावं. कोणी मागं राहू नका."

रातकिडे दिवसाही ओरडत होते, ते थांबले.

मग आतून एक आवाज आला. फार वेळ बसलेली पुष्कळ माणसं एकदम उठली की होतो, तसा. कापडाची सळसळ, गुडघ्यांची कटकट, कुणाचं तरी खाकरणं. बस्स, एवढंच. पुन्हा किडे ओरडू लागले.

तो बाहेर आला, तेव्हा दादू उभा होता.

"काय म्हणालास तू आत?"

"कार्य आहे म्हणालो."

"आनंदा, मला ऐकू आलं."

"मग विचारतोस कशाला? बस मागं."

दादू बसला. बराच वेळ त्याने ठेका धरला नाही.

नाट्यावरून निघालं की छातीवर येणारा चढ आहे. रिकाम्या बैलगाडीचे बैलही तिथे दम घेतात. दादू रिवाजाप्रमाणे उतरून पुढे चालू लागला. आनंदाने पायडलवर जोर दिला आणि तो चमकला. सायकल हलकी झाली होती. लहानपणी सायकल शिकताना मागून कुणी सीट धरून ढकलावं, तशी ती वर चालली होती; एक हात नव्हे, बरेच हात. तो दादूच्या अंगावरून पुढे गेला. भीती वाटायला हवी होती, पण त्याला हसूच फुटलं. माथ्यावर पोचला तेव्हा त्याला घामसुद्धा आला नव्हता.

दादूला पुन्हा मागे घेतलं, तर उतारावर कोळीण हौसा भेटली, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन नाट्याकडे परतणारी. तिने वाट सोडली आणि करवंदीच्या जाळीत शिरून उभी राहिली. सायकल पुढे गेली तरी ती वाटेवर येईना. लग्नाचं वऱ्हाड जाऊ द्यावं तशी थांबून राहिली.

"हौसा, ये की वाटेवर," दादू मागे वळून म्हणाला.

"जाऊ दे सगळ्यांना," ती म्हणाली. "एवढी माणसं खंयसून आणलीत रे?"

त्या रात्री दोघांनीही ही गोष्ट कुणाला सांगितली नाही.

नवमीला सकाळी दहाच्या सुमाराला पुरुषोत्तमबुवा उभे राहिले. सभामंडपात गावची आणि आसपासची मिळून वीस-बावीस माणसं. आनंदाने झांजा हातात घेतल्या आणि त्याचं मन खट्टू झालं. बुवांनीही मंडपावरून एकदा नजर फिरवली, उपरणं सावरलं आणि निरुत्साहाने नमन सुरू केलं.

पूर्वरंगाच्या मध्यावर लोक सरकू लागले. बायकांनी गुडघे जवळ ओढून घेतले, बाबू सुताराने पोराला मांडीवर घेतलं, भिंतीकडची माणसं आणखी भिंतीला चिकटली. गर्दीत माणूस आपसूक जागा देतो, तशी. मधलं मोठं जाजम रिकामं होतं आणि त्याच्यावरून कुणी चालत नव्हतं. मंडपात उकाडा वाढला, घामाचा, जुन्या कातड्याचा आणि खाऱ्या वाऱ्याचा वास आला.

बुवांनी मान वर केली. आनंदा त्यांच्या मागे उभा होता, त्याला त्यांचा चेहरा दिसला नाही. पण आवाज बदललेला ऐकू आला. पंचवीस वर्षांपूर्वीचे बुवा बोलू लागले होते. हसवत होते, रडवत होते, कथेतल्या शरयूला खुद्द अर्जुनेच्या काठावर आणून सोडत होते. मध्येच अगदी सहज ते म्हणाले, "मागच्या मंडळींनो, पुढे सरका. दरवाज्यात उभे राहू नका. जागा आहे."

जाजमाची सुरकुती देवाकडे सरकली.

दादूचा हात एक मात्रा चुकला. मग त्याने डोळे मिटले आणि आयुष्यात वाजवला नव्हता असा मृदंग वाजवला.

बारा वाजले. पाळण्याची दोरी हलली, बुवांनी दोन्ही हात वर करून रामनामाचा जयजयकार केला आणि मंडपाने उत्तर दिलं.

ते उत्तर वीस माणसांचं नव्हतं.

ते भरड, खोल, पुरुषी आवाजात आलं. आंबेखोलमध्ये इतके पुरुष कधी नव्हते. कौलं थरथरली. देवापुढच्या समईची ज्योत हलली नाही. बायका रडत होत्या, हसत होत्या. आनंदाच्या गालांवरून पाणी वाहत होतं. इतका भरलेला मंडप त्याने जन्मात पाहिला नव्हता.

वर उधळलेला गुलाल हळूहळू खाली बसला.

रिकाम्या जाजमावरही बसला. पण सगळीकडे नाही. मध्ये मांडी घालून बसलेल्या माणसाएवढ्या जागा कोऱ्या राहिल्या होत्या.

ओळीने. शेजारी शेजारी. देवापासून थेट दरवाज्यापर्यंत.

यमुनाबाई सुंठवड्याचं ताट घेऊन उठल्या. त्यांनी आनंदाकडे एकदा पाहिलं, रागाने नव्हे, आणि कोऱ्या जागांच्या मधून वाकत वाकत निघाल्या. प्रत्येक ठिकाणी चिमूट पुढे करत. परत आल्या तेव्हा ताटात काही उरलं नव्हतं.

बुवा पागोटं उतरवून घाम पुसत होते. "पुढच्या वर्षी मला बोलवा," ते म्हणाले. "त्याच्या पुढच्या वर्षीही. असे श्रोते असले तर मी सरपटत येईन."

आनंदाला आणखी काय हवं होतं? तो बाहेर उन्हात आला. छाती सुखाने भरून आली होती. आत दादू हौसेने अजून मृदंगावर बोटं फिरवत होता. दीपमाळेला टेकवलेल्या सायकलकडे आनंदा गेला आणि थबकला.

सीटवर चिमूटभर अक्षत होती. यमुनाबाईंच्या पिशवीतली नव्हे. तांदूळ तांबडा, हाताने सडलेला, हळद जुनी होऊन काळपट पडलेली. त्याने बोट लावलं. दाणे ओले आणि गार होते.

यमुनाबाई केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या ते त्याला कळलं नाही.

"आली का रे उलट अक्षत," त्या म्हणाल्या. त्यांनी ते दाणे अलगद गोळा करून त्याच्या उपरण्याच्या टोकाला बांधले, गाठ घट्ट केली. मग फार मायेने विचारलं, "तुला एकट्यालाच बोलावलंय, का मंडळींसह?"

आत मृदंग वाजत होता. आनंदाने सायकलकडे पुन्हा पाहिलं.

मागे कॅरिअरवर, दादू बसतो त्या जागी, आणखी एक चिमूट ठेवलेली होती.