वळचणीचे सोमवार

"जरा सरकता का? दार अडवलंय तुम्ही."

असं म्हणत मी छत्री मिटली आणि तिच्यातलं सगळं पाणी त्याच्या पायांवर झाडलं. तो सरकला नाही, रागावलाही नाही. ओल्या पँटकडे बघत म्हणाला, "झालं? का अजून आहे?"

"सॉरी... आत का नाही येत तुम्ही? गरम पेज आहे."

"जेवायला नाही आलो. पाऊस थांबायची वाट बघतोय."

मला हसू आलं. "कीलुंगमध्ये? हिवाळ्यात? मग एप्रिलपर्यंत उभे राहा. खुर्ची आणून देऊ?"

तेव्हा त्याने पहिल्यांदा वर बघितलं. केस डोळ्यांवर आलेले, दाढी वाढलेली, ओठ थंडीने काळेनिळे... आणि त्या सगळ्या पसाऱ्यात दोन डोळे – हसावं की नाही, हे न ठरलेले.

"खुर्ची असेल तर येतो," तो म्हणाला.

कीलुंगच्या बंदरामागच्या कालव्याकाठी मासेमारीच्या जाळ्यांचं एक जुनं गोदाम होतं. तिथे आमची संस्था चालायची. दारावरच्या पाटीवर नाव होतं 'वळचण'. पुलाखाली, दुकानांपुढच्या कमानींत झोपणारी माणसं दुपारी तिथे यायची. अंघोळ करायची, गरम काहीतरी खायची. मागच्या खोलीत दारू सोडू बघणारे गोल करून बसायचे. माडीवर पोरांचा अभ्यासवर्ग असायचा.

त्या माडीवरच मी वाढले. माझा बाप गोदीत हमाल होता. दिवस मावळला की बाप उरायचा नाही, नुसती दारू उरायची. आई हातगाडी घेऊन त्याला शोधायला निघायची आणि मी वळचणीत भात खाऊन तिची वाट बघायची. पुढे बाप गेला. मी केस कापायला शिकले, एका सलूनमध्ये लागले. सलूनला सोमवारी सुट्टी, म्हणून सोमवारी कात्री घेऊन मी वळचणीत यायची.

तर त्या सोमवारी तो माझ्या खुर्चीत बसला. नाव काइवेन. मी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, हातात आल्याच्या चहाचा पेला दिला. पेला थरथरायला लागला.

"थंडी फार आहे," तो घाईघाईने म्हणाला.

"हो का? आमच्या घरीपण होता एकजण. त्याला जूनमध्येही अशीच थंडी वाजायची."

पेला त्याने दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं, आता उठून जाईल. पण तो हळूच म्हणाला, "कात्री जपून चालवा हं... तुमचा हात नाही ना थरथरत?"

"अजून तरी नाही."

खरं सांगू? त्याच्या मानेवरचे केस उचलले तेव्हा थरथरला होता... थोडासा.

पुढच्या सोमवारी तो परत आला. त्याच्या पुढच्याही.

"आता काय कापू? डोक्यावर उरलंय काय?"

"कानाजवळ जरा... वाढल्यासारखे वाटतायत."

"अजून कापले तर नुसते कानच उरतील."

"चालतील. तुमचं बोलणं ऐकायला कानच लागतात."

स्वयंपाकघरातून लान मावशी मोठ्याने खाकरली. वळचण उभी केली ती हिनेच. एके काळी ती बंदरावरच्या बारमध्ये कामाला होती. स्वतःची दारू सोडली आणि मग दुसऱ्यांच्या मागे लागली. तिने काइवेनच्या हातात कोबीची टोपली दिली. "हे घे. कान रिकामे असतील तर हातही रिकामेच असतील."

कोबी चिरता चिरता तो एकेक गोष्ट सांगायला लागला. आईने त्याला लहानपणी एका नूडल्सवाल्याच्या दुकानात ठेवलं – चार दिवसांत नेते म्हणून. ती आलीच नाही. गार पाण्यात भांडी घासून बोटं फुटायची, तेव्हा तिथल्या आचाऱ्याने तांदळाच्या दारूचा घोट दिला. ऊब येईल म्हणाला.

"आली?" मी विचारलं.

"आली ना. तीच तर पंचाईत झाली."

हे तो हसत सांगायचा. मी केस झाडत बसायची, म्हणजे त्याच्याकडे बघावं लागायचं नाही. मागच्या खोलीतल्या गोलातही तो बसायला लागला होता. हात स्थिर होत चालले होते. एकदा त्याने माझ्या बाहीला चिकटलेला कुणाचातरी पांढरा केस काढला आणि बोट तसंच क्षणभर तिथे राहिलं... बाहेर पाऊस पडतच होता.

"पोरी," लान मावशी त्या दिवशी म्हणाली, "त्याला जेवायला वाढ, केस काप, चार शब्द बोल. पण जीव लावताना मला विचार. मी पिणाऱ्यांची जात ओळखते. माझीच आहे ती."

"तो सोडतोय मावशी."

"सोडतोय आणि सोडली, यांच्यामध्ये अख्खा समुद्र आहे गं."

मी ऐकलं नाही. नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी घरी जेवायला ये, असं मीच त्याला म्हटलं. आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ मासा साफ करत राहिली. मग म्हणाली, "पितो?"

"प्यायचा."

"हं." आईने माशाचं पोट धुतलं. "येऊ दे. बघू तरी."

त्या संध्याकाळी आईने मोहरीची लांब पानं, आयुष्य लांबावं म्हणून, न चिरता शिजवली, मासा वाफवला, टेबलावर तीन वाट्या मांडल्या. अंधारायला लागलं. शेजारच्या घरांतून हसण्याचे आवाज येत होते. काइवेन आला नाही. आईने माझ्याकडे बघितलं आणि मासा झाकून ठेवला. तिला सगळं पाठ होतं.

मी छत्री घेतली आणि निघाले. फार शोधावं लागलं नाही. बंद मासळीबाजाराच्या कमानीखाली तो भिंतीला टेकून बसला होता. अंगात नवा निळा शर्ट, आणि त्यावर सांडलेली दारू.

"पेइशान... आलो होतो गं. अगदी दारापर्यंत आलो होतो." त्याची जीभ जड झाली होती. "खिडकीतून तुझी आई दिसली. वाट्या मांडत होती. एक, दोन... आणि तिसरी. माझ्यासाठी कुणी अशी वाटी मांडलीच नव्हती आजवर. पायच उचलेना... ऊब पाहिजे होती जरा..."



त्याने हात पुढे केला. "उचल ना मला. घरी ने."

माझा हात निघालाही होता. पण डोळ्यांपुढे आईची पाठ आली – पावसात हातगाडी ढकलणारी, दर वर्षी जरा जास्तच वाकलेली. मी हात मागे घेतला.

"मी नाही उचलणार तुला, काइवेन."

लान मावशीला फोन केला. ती आणि वळचणीतले दोघे जण येईपर्यंत मी समोरच्या खांबाशी उभी राहिले. तो रडत होता, मीही रडत होते. मध्ये पावसाची सर होती. त्यांनी त्याला उठवून नेलं तेव्हा त्याने मागे वळून बघितलं नाही. मी घरी आले. आईने मासा पुन्हा गरम केला होता. तिसरी वाटी उचलून ठेवली होती.

"बस," ती म्हणाली. "गार व्हायच्या आत खा."

नंतर कितीतरी सोमवार तो खुर्चीत बसला नाही. मागच्या खोलीत जायचा, खाली मान घालून निघून जायचा. पाऊस विरळ व्हायला लागला तेव्हा एकदा आला. उभाच राहिला.

"दक्षिणेला, ताइतुंगकडे जातोय. दारू सोडलेल्यांनीच चालवलेलं शेत आहे तिकडे. मावशीने बोलणी केली. इथे प्रत्येक कोपऱ्यावरचं दुकान मला नावाने हाक मारतं."

"बरं झालं," मी म्हटलं. कात्री पुसत राहिले. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

"मी सोडणार, पेइशान. तुझ्यासाठी सो–"

"ते वाक्य नको!" माझा आवाज इतका चढला की स्वयंपाकघर गप्प झालं. "माझा बाप आईला हेच सांगायचा. तुझ्यासाठी सोडतो, पोरीसाठी सोडतो. मग पुन्हा प्यायला की आईला वाटायचं, आपलंच काहीतरी कमी पडलं."

तो पडलेल्या चेहऱ्याने उभा होता. "मग... वाट बघशील, एवढं तरी विचारू का?"

"नाही. वाट बघत माझं लहानपण गेलं."

तो मान हलवून वळला. मला राहवलं नाही.

"काइवेन! आवडतोस तू मला. खूप. ते कशाला लपवू? पण वाट नाही बघणार."

तो दारात थांबला. हसला – त्या पहिल्या दिवसासारखं अर्धवट नाही, पुरतं. आणि गेला.

उन्हाळा आला, गेला. पुन्हा पाऊस, पुन्हा उन्हाळा. लान मावशीकडून बातम्या कळायच्या. टिकलाय. मग – शेतातून पळाला, प्यायला. मग – स्वतःच्या पायाने परत आला, दारात उभा राहून आत घ्या म्हणाला. दर बातमीला मी "बरं" म्हणायची आणि घरी येऊन आईशी विनाकारण भांडायची.

एका संध्याकाळी आईनेच विषय काढला. "जाऊन ये."

"तू सांगतेस? तू?"

"तुझ्या बापाला ओढत आणताना लोक हसायचे. कुणी विचारलं नाही, तुझं प्रेम आहे का त्याच्यावर. होतं गं." ती हाताने पाठ चोळत होती. "प्रेम केलं ते नाही चुकलं. त्याला हातगाडीवर घातलं, ते चुकलं. हा स्वतः चालत परत आलाय ना? मग जा, बघून ये."

समुद्राच्या कडेने आगगाडी सकाळभर दक्षिणेला जात होती. डोंगराच्या पायथ्याशी ते शेत. अंबाडीला लालबुंद बोंडं आली होती आणि चार-पाच माणसं टोपल्या घेऊन ती खुडत होती. काइवेन उन्हाने काळा पडला होता. मला बघून त्याची टोपलीच पडली.

आम्ही बांधावर बसलो. लाल बोंडांनी त्याची बोटं रंगली होती.

"मी कीलुंगला परत नाही येऊ शकत," तो म्हणाला. "इथे जमतंय. तिकडे जमेल, असं खोटं नाही सांगत."

"मीही इथे नाही राहू शकत. आई आहे. सोमवार आहेत."

"माहितीये." तो मातीत रेघा ओढत राहिला. "आणि पेइशान... उद्याचंही मला माहीत नाही. आज नाही प्यायलो. उद्याचं खरंच माहीत नाही."

आयुष्यभर मी एका माणसाला 'उद्यापासून सोडतो' म्हणताना ऐकलं होतं. 'उद्याचं माहीत नाही' असं सांगणारा हा पहिलाच.

"मग आजचंच सांग," मी म्हटलं. "आज प्रेम आहे माझ्यावर?"

"आहे."

"नक्की?"

"एवढं एकच नक्की आहे."

मी त्याचा रंगलेला हात हातात घेतला. आता त्याचा थरथरत नव्हता. माझाच थरथरत होता.

ऊन कलल्यावर तो मला स्टेशनवर सोडायला आला. इवलंसं स्टेशन, फलाटावर आम्ही दोघंच.

"पुढच्या महिन्यात येईन मी," मी म्हटलं. "दोनच प्रश्न विचारीन – आज प्यायलास का, आणि आज प्रेम आहे का."

"उत्तर वेगळं आलं तर?"

"तर रडेन. पण तुझ्यासमोर नाही... गाडीत बसल्यावर."

तो हसला. गाडी आली, मी चढले. खिडकीशी बसले. तो हात वर करून उभा होता, लाल बोटं उन्हात चमकत होती, आणि गाडी हलल्यावर तो फलाटाच्या टोकापर्यंत चालत आला.

दोन्ही उत्तरं मला हवी तीच मिळाली होती. तरी पहिला बोगदा येईपर्यंतसुद्धा मला रडू थांबवता आलं नाही.