कवडूची वही

लाइट गेली तं जाऊ द्या, बसा असेच. हे माह्या रूपराव गुरुजीसोबत घडलेलं आहे, आन् त्याईनंच मले सांगतलं.

एकोणीसशे अठ्ठावन साल. कार्तिकातली अमावस्या. गुरुजी सिंदीहून रेल्वे लायनीच्या कडेकडेनं कवडूच्या घरी निघाले. काम साधं. कवडूची बायको कमला, तिच्याकून त्याची गोष्टीची वही आणायची. कवडू आषाढात तापानं गेलता.

गुरुजी भुताच्या गोष्टी लिवत. शाळेतले मास्तर हासत, म्हणत, "गुरुजी, काही संस्काराचं लिवा." मंग त्याईले दोघं भेटले. दवाखान्यातली नर्स रुख्माबाई, आन् टेसनावर सिग्नलचे दिवे लावणारा कवडू. तेही अशाच गोष्टी लिवत. दर इतवारी रुख्माबाईच्या ओसरीवर तिघं बसत, एकमेकाचं आयकत. कोनी हासे नाई. गुरुजी म्हणत, मले पयल्यांदा आपली माणसं भेटली.

आन् त्यातल्याच एकाची गोष्ट गुरुजीनं आपल्या नावानं मासिकाले पाठवली. कवडूची. छापून आली. कवडूनं अंक पाह्यला. तवापासून इतवारी येनं बंद केलं. तो आजारी पडला, तवाही गुरुजी गेले नाई. कोन्या तोंडानं जातीन?

तं त्या अमावस्येले साडेसात वाजले असतीन. लायनीवर काळोख. मांगून रुळातली खडी, गिट्टी, वाजली. गुरुजी थांबले, तं थांबली. चालले, तं पुन्हा वाजली. वळून पाह्यलं... कोनी नाई.

धीर यावा म्हणून गुरुजी मोठ्यानं गोष्ट सांगू लागले. तोंडात तेच आली. कवडूची. एक वाक्य झालं.

मांगून आवाज आला. "मंग?"

कवडू आयकताना असाच म्हणे.

गुरुजीनं पुढचं सांगतलं. थांबता येत नोतं.

"मंग?"

आता कानाजवळ...

"कवडू," गुरुजी म्हणाले, "गोष्ट तुही आहे. म्या चोरली."

काहीच नाई. रातकिडेही नाई...

घरी पोचल्यावर कमलानं पेटीतून फडक्यात बांधलेली वही देली. म्हणाली, "ते गेल्यापासून गाठ सोडली नाई, गुरुजी. मले वाचता-लिवता कुठं येते."

इतवारी गुरुजीनं रुख्माबाईले आपली चोरी सांगतली. म्हणाले, "मी आता इथं बसाच्या लायक नाई." तिनं कंदील जवळ ओढला. मंग म्हणाली, "तुमी गेले तं त्याचं कोन वाचणार? बसा. मासिकाले खरं काय ते उद्या लिवू. दोघं मिळून."

गुरुजीनं फडकं सोडलं. तेच गोष्ट वाचली. शेवटपर्यंत वाचली.

गोष्टीच्या खाली कवडूच्या तिरप्या अक्षरात एक ओळ होती.

"गुरुजीनं आज कबूल केलं."

आन् खाली तारीख... त्याच अमावस्येची.