बंद करण्याचा अधिकार

बसा. लॅपटॉप मध्येच बंद पडतो म्हणालात ना? आधी एक सांगा, तो वापरताना तुम्ही कुठल्या खोलीत बसता? हसू नका. पूर्वी मीही हा प्रश्न विचारत नसे. चार्जर, बॅटरी, पंखा, एवढंच पाहायचो.

त्या थंडीत मागच्या गल्लीतल्या काकू असाच एक लॅपटॉप घेऊन आल्या. काकांना जाऊन वर्ष झालं होतं. जाण्याआधी त्यांनी आपल्या आठवणी स्वतःच्या आवाजात भरून ठेवल्या होत्या, आणि काकू रोज दुपारी जेवण आटोपलं की त्या ऐकत बसायच्या. अर्ध्या तासात मशीन बंद.

"तेवढा आवाज वाचव रे," त्या म्हणाल्या. "ह्यांचं दुसरं काही उरलेलं नाही माझ्याकडे."

मी पंख्यातली धूळ काढली, बॅटरी बदलली, दोन दिवस मशीन अखंड चालू ठेवलं. एकदाही बंद पडलं नाही. डॉक्टरपुढे गेलं की दुखणं पळतं, तशातली गत. घरी नेलं की पुन्हा तेच. शेवटी एका दुपारी मीच त्यांच्याकडे गेलो.

काकांची खोली लहानशी. खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या, दार लावलेलं, टेबलाखाली निखाऱ्यांची शेगडी. त्या उबेत कोळशाचा मंद वास होता. काकूंनी शाल पांघरली आणि आवाज सुरू केला. काका संथपणे बोलत होते. मध्येच खोकायचे, मग त्यांची खुर्ची करकरायची आणि ते पुन्हा बोलू लागायचे. ऐकता ऐकता माझं डोकं जड झालं, डोळे मिटायला लागले. दुपारचं जेवण अंगावर आलं असेल असं वाटलं. तेवढ्यात स्क्रीन काळी झाली.

"बघितलंस?" काकू कुजबुजल्या. "रोज असंच... मग मी चिडून उठते आणि अंगणात फेऱ्या मारते."

आम्हीही अंगणात आलो. मोकळ्या हवेत मला जरा बरं वाटलं. पायरीवर बसून मी मशीनच्या आतली नोंद उघडली. मशीन कधी आणि कशामुळे बंद झालं, हे तिथे लिहिलेलं असतं. वीज गेली, मशीन तापलं, असं काहीच नव्हतं. बंद करण्याचा आदेश दिला गेला होता... काकांच्या खात्यातून. त्या खात्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. काकूंना तर मी वेगळं खातं उघडून दिलं होतं.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण आमच्या धंद्यातला माणूस बिघाड दिसला की तो घालवायच्या मागे लागतो, तो का आला हे विचारत बसत नाही. काकूंच्या खात्यातून मी काकांच्या खात्याचा मशीन बंद करण्याचा अधिकारच काढून टाकला. दोन मिनिटांचं काम. आता पोटभर ऐकेन म्हणत काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मीही स्वतःवर खूश होतो.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी शेजारच्या बाईंचा फोन आला. आतून काकांचा आवाज येतोय, पण काकू दार उघडत नाहीत. आम्ही दार तोडलं. काका अजून बोलतच होते. काकू खुर्चीत होत्या, शाल नीट पांघरलेली, डुलकी लागल्यासारख्या. शेगडी कधीच विझली होती. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा वायू. त्याला वास नसतो, माणसाला नुसती झोप येते.

सगळे पांगल्यावर मी नोंद उघडली. दोन चाळीस, काकांचा आदेश, नाकारला. दोन एक्केचाळीस, नाकारला. पुढे मिनिटामिनिटाला... मग सेकंदासेकंदाला. तीनशेच्या वर. तीन सव्वीसला आदेश थांबले. काका रोज त्यांना त्या खोलीतून उठवत होते, आणि त्यांचे हात मी बांधले होते. हे ओझं माझ्या मनावरून आजही उतरलेलं नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर मी ते तुम्हाला सांगितलंही नसतं. गेल्या आठवड्यात हा माझा दुकानातला कॉम्प्युटर मध्येच बंद पडला. नोंद पाहिली. आदेश काकूंच्या नावाच्या खात्यातून आलेला. असं खातं या मशीनवर कधी नव्हतंच. मी धावत बाहेर गेलो. मग परत येऊन वायरी तपासल्या, छत पाहिलं, शेजारच्यांना त्यांचा गॅस पाहायला लावला. काही सापडलं नाही. त्यानंतर कालपर्यंत तो व्यवस्थित चालला.

तुम्ही आत आल्यापासून मात्र दोनदा बंद पडलाय. लॅपटॉप राहू दे टेबलावर. बाकीचं आपण रस्त्यावर उभं राहून बोलू.