शंभरात त्र्याऐंशी

कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये. पण रक्त तपासायच्या एका यंत्राने एकदा चक्क लग्न जुळवलं.

रक्ततपासणीवाली तेव्हा तिशीची. यकृताचा एक आजार दुखू लागण्याआधीच ओळखता यावा, म्हणून तिने तीन वर्षं खपून रक्तातल्या पाच खुणा हुडकल्या होत्या. एकेकटी खूण म्हणजे अर्धवट बातमी आणणारी आत्या. पाचही जणींचं एकत्र ऐकलं, की शंभरात सत्याण्णव निदानं बरोबर. सोमवारी ते मोठ्या डॉक्टरांपुढे मांडायचं होतं. राहिली होती फक्त निकालांचं गणित तपासणाऱ्या आकडेवाल्याची सही.

तो जिन्यातच भेटला, चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधत होता. पायरीवर बसून त्याने कागद वाचला आणि सही केली नाही.

"ज्या रोग्यांवरून सूत्र बसवलंत, त्यांच्यावरच ते तपासलंत," तो म्हणाला. "पेपर आपणच काढायचा, आपणच सोडवायचा… पहिला नंबर येणारच की."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जास्त राग याचा, की तो खरं बोलत होता.

सोमवार हुकला. नवी माणसं, नव्या नळ्या. कोण आजारी, कोण धडधाकट ते दोघांनाही कळू नये म्हणून नळ्यांवर नुसते क्रमांक. दोन महिने ती आकडे सांगे, तो लिहून घेई. चहा निवून जाई… आणि दोन आकड्यांच्या मधे तो वर बघे — जरा जास्तच वेळ.

निकाल लागला. शंभरात त्र्याऐंशी. तिचा चेहरा पडला.

"हे त्र्याऐंशी खरे आहेत," तो हळूच म्हणाला. "यांच्या जिवावर लोकांना वेळेत औषध मिळेल. ते सत्याण्णव नुसते गोड बोलत होते." आणि त्याने झोकात सही ठोकली.

मग त्याने स्वतःचं रक्त यंत्रात घातलं. पाचही खुणा अशा उसळल्या, की यंत्राने शिट्टी मारली.

"आजार कोणता?" तिने हसू दाबत विचारलं.

"तुम्ही आत आलात की होतो."

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही."

"मग दुसरा नमुना… तुमचा?"

तिने बाही वर सारली. नळी आत गेली, आणि यंत्राने अशी शिट्टी घातली, की खालच्या मजल्यावरचे रोगी खडखडीत बरे होऊन—

"पुरे," इतका वेळ माझ्या शेजारी बसून लोकर विणणारी तीच रक्ततपासणीवाली, आता केस पिकलेली, म्हणाली. "यंत्र त्या दिवशी बंद होतं, आणि सुई बघूनच तुम्ही पांढरेफटक पडता. लग्नाचं विचारलं ते मी. तुम्हाला नुसतं 'हो' म्हणायला पाऊण तास लागला."