दोनशे बाराव्या पुस्तकाची शेवटची चाळीस पाने

सोमवार, १९ नोव्हेंबर १९५६. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी लालबागच्या श्रमिक मोफत वाचनालयात एक पुस्तक परत आले. क्रमांक २१२. ते कुणी आणून ठेवले, हे खोलीतल्या सात माणसांपैकी एकानेही पाहिले नाही.

सहाला रमाकांतने दार उघडले तेव्हा परतीच्या टेबलावर काही नव्हते. टेबल त्याने स्वतः ओल्या फडक्याने पुसले. शाईचा पॅड काढायला तो कपाटाकडे वळला, परत फिरला, तर पुस्तक तिथे होते. त्याने ते उचलले. सगळे टेबल ओले होते. पुस्तकाखालचे लाकूड तेवढे कोरडे होते, जणू फडके फिरले तेव्हाही पुस्तक तिथेच होते.

रमाकांत एका दैनिकात मुद्रितशोधक होता. बारा वर्षे दिवसाला शंभर तऱ्हांची हस्ताक्षरे त्याच्या नजरेखालून जात होती. संध्याकाळी सहा ते साडेआठ तो वाचनालय सांभाळायचा. 'पुढचा वाचक' ही योजना त्याचीच. गिरणीतला माणूस वाचनालयाची पायरी चढायला लाजतो, तर पुस्तकानेच त्याच्या दाराशी जावे, एवढा साधा विचार. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला एक कागदी पाकीट होते आणि पाकिटात चिठ्ठी. पुस्तक परत करणाऱ्याने तिच्यावर लिहायचे, यानंतर हे कुणी वाचावे. ज्याचे नाव येईल त्याच्या खोलीवर पुस्तक पोचवले जाई, आणि नाव आलेल्याने नाही म्हणायचे नाही. ज्याला वाचता येत नसे त्याला कुणीतरी वाचून दाखवायचे. मग ज्याने वाचून दाखवले त्यानेच चिठ्ठी लिहायची आणि ऐकणाऱ्याने खाली अंगठा द्यायचा. चिठ्ठी पाहिली की कोणी ऐकले आणि कोणी ऐकवले, दोन्ही कळे.

अंगठा देणाऱ्यांत कोंडीराम सगळ्यांच्या पुढे. शेजारच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, सतरा नंबरच्या खोलीत तो आणि त्याची बायको सुंदराबाई राहत. कोंडीराम गिरणीच्या साचाखात्यात, मागावर कामाला. पाळी सुटली की वाचनालयातल्या बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला येऊन बसायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. पुस्तक संपल्यावर तो कुणाचे नाव सांगेल याचा नेम नसे, पण सांगितलेले नाव बरोबर बसे. खात्यातले सोबती चिडवायचे, "कोंड्या, तू वाचायला शिकू नकोस हां, सगळं बिघडेल." त्याच्या उजव्या अंगठ्यावर साच्याच्या पट्ट्यात सापडल्याचा तिरका व्रण होता. त्यामुळे ठशाचे दोन तुकडे पडत, वरचा लहान, खालचा मोठा.

२१२ क्रमांकाचे पुस्तक म्हणजे एका गलबताची हकिकत. रमाकांत ते त्याला रोज थोडे वाचून दाखवत होता. जानेवारीत शहरात गोळीबार सुरू झाले, संचारबंदी लागली, तेव्हा चाळीस पाने उरली होती. गलबत वादळात दिसेनासे झाले होते आणि तांडेलाची बायको बंदरावर उभी होती. त्या संध्याकाळी रमाकांतला कचेरीचे तातडीचे बोलावणे होते. कोंडीराम पुस्तक घेऊन बाकावर बसलेला.

"आज नाही जमणार," रमाकांत म्हणाला. "चिंचपोकळीला हेमचंद्र मास्तरांकडे जा. ते वाचून दाखवतील. दहा मिनिटांची तर वाट."

कोंडीराम पुस्तक काखेत मारून निघाला. मास्तरांच्या दारापर्यंत तो पोचला नाही.

पुढचे आठ दिवस मृतांच्या आणि जखमींच्या याद्यांची मुद्रिते रमाकांतच्याच हाताखालून गेली. प्रत्येक यादीत तो एक नाव शोधायचा आणि सापडले नाही की पुढची यादी मागायचा. सुंदराबाई इस्पितळांमधून फिरली, पांढरी चादर वर करून दाखवली तेवढे सगळे चेहरे पाहून आली. कोंडीराम कुठेच नव्हता. पुस्तकही नव्हते.

आणि आता दहा महिन्यांनी ते टेबलावर होते. पाकिटात चिठ्ठी होती. खाली जांभळ्या शाईचा अंगठा, दोन तुकड्यांचा. रमाकांतने भिंग काढले. व्रण तोच होता, त्याच कोनातला. कुणी जुनी चिठ्ठी जपून ठेवून थट्टा केली असावी, हा पहिला विचार. पण जुन्या चिठ्ठ्या पांढऱ्या होत्या. ही गुलाबी होती, आणि गुलाबी कागद त्याने स्वतः जूनमध्ये छापखान्यातून कापून आणला होता. अंगठा जूननंतर दिलेला होता.

वर लिहिले होते, 'हे पुस्तक सुंदराबाई यांनी स्वतः वाचावे.'

अक्षर मोठे, सावकाश काढलेले. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळी रेघ, एक दुसरीला न टेकणारी. असे अक्षर रमाकांतने पूर्वी कधीही पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सतरा नंबरमध्ये गेला. कोंडीरामचा धाकटा भाऊ राजाराम दिवाळीपासून तिथे उतरला होता. संगमेश्वराकडे त्यांचे गाव. दर्भाचा पुतळा करून भावाचे क्रियाकर्म उरकायचे आणि वहिनीला गावी न्यायचे, असे घरच्यांनी ठरवले होते. बेपत्ता माणसासाठी बारा वर्षे थांबतात हे त्यालाही माहीत होते, पण गावच्या भटजींनी मोकळीक दिली होती. सुंदराबाईच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, कपाळाला कुंकू होते. चाळीतल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवत नव्हत्या, आणि बोलवत नाही असे म्हणतही नव्हत्या. पुतळा जळला की बांगड्या फुटणार होत्या. एकदाचे काय ते ठरले असते.

राजारामने चिठ्ठी पाहिली आणि बाजूला ठेवली. मेलेल्या माणसाची चेष्टा करणाऱ्याचे हात झडतील, एवढे तो बोलला.

"मेले म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला?" सुंदराबाई म्हणाली. तिने ठशावर बोट टेकवले आणि बराच वेळ काढले नाही. मग रमाकांतकडे वळली. "भाऊ, तुमचा नियम आहे ना? ज्यानं वाचून दाखवलं तोच चिठ्ठी लिहितो. मग हे अक्षर ज्याचं, तो यांच्याजवळ बसलेला आहे. तो माणूस शोधा."

इतका सरळ विचार रमाकांतला रात्रभरात सुचला नव्हता.

आणि तिने आपल्या बाजूचे काम धरले. चिठ्ठीत 'स्वतः' लिहिले होते. ती महापालिकेच्या शाळेत नलूबाईंच्या प्रौढ वर्गात पाटी घेऊन बसली. पुस्तक वाचून होईतो पुतळ्याचे नाव काढायचे नाही, अशी तिने राजारामकडून कबुली घेतली. तो हसला. "वयनी, पस्तिशीत अ-आ-इ शिकायला बसलीस. बारा वर्षं लागतील."

"मग तर भटजींची मोकळीकही नको," ती म्हणाली.

रमाकांतने शोध घेतला तो मुद्रिते तपासावीत तसा. वाचनालयाच्या एकशे त्र्याऐंशी सभासदांकडून त्याने नव्या वर्षाच्या निमित्ताने वहीत एक-एक ओळ लिहून घेतली. हेमचंद्र मास्तरांचे अक्षर पाहिले, माटुंग्याच्या आणि वडाळ्याच्या वाचनालयांतल्या वह्या चाळून आला. रेघेला रेघ न टेकणारे ते अक्षर कुणाचेच नव्हते.

त्या वर्षात तशा आणखी दोन चिठ्ठ्या निघाल्या. तोच अंगठा, तेच अक्षर. पहिली प्रथमोपचाराच्या एका फाटक्या पुस्तिकेत होती आणि तिच्यात नऊ नंबरच्या बकुळेचे नाव होते. पुस्तिका तिच्या घरी पोचली आणि आठव्या दिवशी तिचा दोन वर्षांचा मुलगा चाळीच्या पाण्याच्या टाकीत पडला. वर काढला तेव्हा निळा होता. चौदाव्या पानावर जसे लिहिले होते तसे बकुळेने केले आणि मुलगा रडला. दुसरी चिठ्ठी नकाशांच्या पुस्तकात होती, लहूच्या नावाची. लहूच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. त्याचा बाप तो तान्हा असतानाच गेला होता, घरात बापाचा फोटोसुद्धा नव्हता. लहूने पुस्तक उघडले तर पुठ्ठ्याला चिकटवलेल्या जुन्या कागदावर १९३४ सालातली बापाची सही होती. रात्रशाळेत शिकलेली, वळणदार. लहू ते पान उघडून वाचनालयात उभा राहिला आणि साडेआठ वाजून गेले तरी रमाकांतने दिवा मालवला नाही.

त्यानंतर या चिठ्ठ्यांबद्दल कुणी हसून बोलेनासे झाले. बाकावर कितीही दाटी झाली तरी भिंतीकडच्या टोकाला कुणी बसत नसे. तसे कुणी ठरवले नव्हते.

मंगळवार, ११ मार्च १९५८. संध्याकाळी सहाला सुंदराबाई वाचनालयात आली. मागोमाग राजाराम, काखेत दर्भाची पेंढी. सोळा महिने त्याने शब्द पाळला होता आणि आता तो थांबणार नव्हता. नलूबाईही आल्या होत्या, आपली विद्यार्थिनी पहिले पुस्तक परत करते आहे ते पाहायला.

सुंदराबाईने २१२ टेबलावर ठेवले. "वाचलं," ती म्हणाली. "सगळं."

"मग?" राजाराम म्हणाला. "आलं का गलबत?"

रमाकांतही तेच ऐकायला थांबला होता. ती शेवटची चाळीस पाने त्याने कधी वाचली नव्हती. ती एकट्याने वाचायची नाहीत, असे त्याच्या मनाने घेतले होते.

सुंदराबाई खुर्चीवर बसली. तिने गुलाबी चिठ्ठी पुढे ओढली, टाक बुडवला आणि लिहू लागली. नलूबाई कौतुकाने वाकून बघत होत्या.

रमाकांत उलट्या बाजूने बघत होता. तिसऱ्या अक्षराला तो टेबलावर वाकला.

प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळी रेघ. एक दुसरीला न टेकणारी.

त्याने खणातले पाकीट काढले. त्यातली पहिली चिठ्ठी तिच्या चिठ्ठीवर ठेवली आणि दोन्ही दिव्यासमोर धरल्या. 'स्वतः वाचावे' हे शब्द एकमेकांवर बसले. रेघेवर रेघ. एका अक्षराचे शेपूट जिथे थरथरले होते, तिथेच दुसऱ्याचेही.

"पहिली चिठ्ठी आली तेव्हा यांना लिहिता येत होतं?" त्याने नलूबाईंना विचारले.

"पाटीवरची पेन्सिल मी त्यांच्या हातात दिली ती डिसेंबरात," नलूबाई म्हणाल्या. "मुठीत धरली होती त्यांनी. लाटण्यासारखी."

सभासद सोडून, मास्तर सोडून, ज्यांना लिहिताच येत नव्हते त्यांचे अक्षर घ्यायचे रमाकांतच्या डोक्यात आले नव्हते. कसे येणार होते?

सुंदराबाईने दोन्ही चिठ्ठ्या पाहिल्या. ती दचकली नाही. तिने पहिल्या चिठ्ठीवरच्या अंगठ्याकडे पाहिले आणि पदराने तोंड पुसले. "म्हणजे मीच," ती म्हणाली. "मीच वाचून दाखवणार आहे त्यांना."



मग तिने आपली चिठ्ठी राजारामपुढे सरकवली. तिच्यावर लिहिले होते, 'हे पुस्तक राजाराम यांनी स्वतः वाचावे.'

"नाव आलं की नाही म्हणायचं नाही, भावोजी."

राजाराम चौथी शिकलेला होता. तीन आठवडे तो त्याच बाकावर बसून पुस्तक वाचत राहिला, भिंतीकडचे टोक सोडून. संपल्यावर पुस्तक परत केले आणि गलबताचे काय झाले ते त्यानेही सांगितले नाही. दर्भाची पेंढी तशीच घेऊन तो गावी गेला. पुतळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढची संक्रांत आली तेव्हा हळदीकुंकवाला पहिले बोलावणे बकुळेने आणले.

सुंदराबाई रोज संध्याकाळी सतरा नंबरचे दार उघडे टाकून वाचनालयातले एखादे पुस्तक मोठ्याने वाचायची. समोर एक चटई अंथरलेली असे. जिन्यावरून जाणारे पायातल्या वहाणा काढून हातात घेत.

रविवार, १ मे १९६० रोजी वाचनालय बंद होते. नवे राज्य झाले होते, सगळे लालबाग रस्त्यावर होते.

सोमवारी सहाला रमाकांतने दार उघडले. टेबल पुसले, कपाटाकडे वळला, परत फिरला.

२१२. कपाटात तिसऱ्या फळीवर असायला हवे होते.

त्याने ते उचलले. खालचे लाकूड कोरडे होते.

चिठ्ठीवर एकच ओळ होती. 'शेवटची चाळीस पाने ऐकली.' पुढच्या वाचकाची जागा कोरी होती. खाली अंगठा, दोन तुकड्यांचा, आणि शाई ओली. पॅड अजून कपाटात होता, झाकण बंद.

अक्षर सुंदराबाईचे नव्हते. उजवीकडे झुकलेले, घाईचे, पूर्णविरामानंतर टाक ओढला जाऊन उमटणारी बारीक शेपटी. ओळ वाचण्याआधीच त्याने ते ओळखले. पंधरा-सोळा वर्षे छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यांनी त्या शेपटीवरून त्याची थट्टा केली होती.

ते त्याचे स्वतःचे होते.

सुंदराबाईला त्याने चिठ्ठी दाखवली. तिने ती वाचली, आता तिला वेळ लागत नसे, आणि परत दिली.

"कधी वाचणार, भाऊ?" तिने विचारले. एवढेच.

आजमितीस २१२ क्रमांकाचे पुस्तक टेबलाच्या खणात आहे. रमाकांतने ती चाळीस पाने अद्याप उघडलेली नाहीत. त्या सोमवारपासून तो टेबलाबरोबर बाकही ओल्या फडक्याने पुसतो. भिंतीकडच्या टोकाची हातभर जागा ओली होत नाही.